सेस कुणाचा? वऱ्हाडातल्या बाजार समित्यांची हकीकत

संस्थेचा इतिहास लिहायला घेतला की आधी सभापतींची नामावळी समोर येते, मग भूमिपूजनं, मग उद्घाटनांचे फोटो. नामावळी हवीच, कारण संस्था माणसंच चालवतात. पण वऱ्हाडातल्या बाजार समित्यांची कहाणी वाचायची तर त्यांचा जमाखर्च उघडावा. शेतकऱ्याचा माल फाटकातून आत येतो, लिलाव होतो आणि घेणारा व्यापारी शंभर रुपयांच्या खरेदीमागे साधारण पाऊण ते एक रुपया समितीकडे भरतो. कागदोपत्री हे बाजार शुल्क. यार्डात त्याला सगळे सेस म्हणतात. हा रुपया गोळा कोण करतो, तो राहतो कुणाकडे आणि खर्च कुठे होतो, यावरून वऱ्हाडात शंभरावर वर्षं ओढाताण चालू आहे. अमरावती, अकोला, अकोट, अचलपूर, मूर्तिजापूर, दर्यापूर, कारंजा, कुठलीही समिती घ्या, तिच्या दप्तरात ही ओढाताण सापडतेच.

पाऊण रुपया म्हणजे काय, असं वाटेल. हिशेब करून पाहू. तुरीला क्विंटलमागे ७,००० रुपये भाव धरला, तर एका क्विंटलवर ५२ रुपये ५० पैसे सेस होतो. हंगामात एक लाख क्विंटल तूर यार्डात आली, तर साडेबावन्न लाख. त्यात सोयाबीन, हरभरा आणि कापूस मिळवा. तालुक्याच्या गावी दरवर्षी जमणारी ही रक्कम कुठल्याही ग्रामपंचायतीच्या घरपट्टी-पाणीपट्टीला लाजवणारी असते. आणि ती मुंबईहून किंवा दिल्लीहून अनुदान म्हणून आलेली नसते, तालुक्याच्याच काळ्या मातीतून निघालेली असते.

वऱ्हाडचा पैसा वऱ्हाडाबाहेर जाण्याची रीत मात्र जुनी आहे. १८५३ च्या तहाने निजामाने हा प्रांत इंग्रजांच्या हवाली केला, तो हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चासाठी. म्हणजे अमरावती-अकोल्याच्या रयतेचा शेतसारा पहिल्यापासूनच दुसऱ्याच्या फौजेच्या पगाराला लावून दिलेला होता. १९०२ साली हा प्रांत इंग्रजांनी कायमच्या पट्ट्याने घेतला आणि निजामाला वर्षाला २५ लाख रुपये देण्याचं ठरवलं. कुणी हे प्रांताचं भाडं म्हणेल, कुणी खंड. भरणारा मात्र तोच, पऱ्हाटीच्या शेतात उभा असलेला माणूस. या विचित्र मालकीचा एक परिणाम असा झाला की वऱ्हाड कायद्याच्या भाषेत पुरतं ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हतं. इथले कायदे कुठल्या कायदेमंडळात चर्चा होऊन येत नसत, हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकुमाने लागू होत. बाजाराचा कायदाही तसाच आला.

कापूस त्याही आधीपासून होता. रेल्वे येण्यापूर्वी अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवरून निघे आणि मिर्झापूरला गंगेपर्यंत जाई. १८४२ साली अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्याने कापूस लादलेले एक लाख बैल कलकत्त्याच्या वाटेने धाडले, अशी नोंद इम्पीरियल गॅझेटियरमध्ये आहे. आकडा थोडा सैल हाताने लिहिलेला वाटतो, पण त्याची निम्मी गोष्ट खरी धरली तरी व्यापाराचा अदमास येतो. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या वर्षांत लँकेशरच्या गिरण्या कापसाविना बंद पडू लागल्या आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. याच दशकात जी. आय. पी. रेल्वे वऱ्हाड ओलांडून १८६७ ला नागपुरात पोचली. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला येऊन तिथला रेल्वेचा फाटा आणि कापसाचा बाजार उघडून गेले. व्हाइसरॉयने कापसाच्या बाजारासाठी एवढा प्रवास करावा, यावरून मँचेस्टरला हा माल किती हवा होता ते कळावं. लिव्हरपूलच्या वायद्यात वऱ्हाडी कापसाची ‘ऊमरा’ अशी वेगळी जात लागत असे, ती उमरावतीवरून.

भाव इंग्लंडात ठरायचा, पण शेतकऱ्याच्या पदरात काय पडायचं ते इथल्या बाजारात ठरायचं. बाजार कसला, गावाबाहेरचं मोकळं मैदान, त्यात बैल सोडलेल्या बंड्या, आणि बंडीवर चढून कापूस उसकून पाहणारे दलाल. सौदा हत्ता पद्धतीने होई. दलाल आणि घेणारा रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत. ज्याचा माल, तो शेजारी उभा राहून रुमालाकडे पाहत राही. भाव ठरल्यावर कापाकाप सुरू होई. अडत, दलाली, तोलाई, हमाली, कडता, नमुना, गोरक्षण, धर्मादाय. धर्मादाय व्यापाऱ्याच्या नावाने होई आणि पैसा शेतकऱ्याचा जाई. खंडी आणि बोजा ही मापं गावोगाव वेगळी, आणि काटा ज्याचा त्याचा. बंडी जिनात गेल्यावर ‘माल ओला निघाला’ म्हणून ठरलेला भाव तोडण्याची युक्ती तर आजच्या वाचकालाही नवी वाटणार नाही.

या गोंधळात पहिला नियमाचा बाजार उभा राहिला तो कारंजात, १८८६ साली, रेसिडेन्सीच्या हुकुमाने. शेतमालाचा नियंत्रित बाजार म्हणून देशात हा पहिला समजला जातो. कारंजा लाड आज वाशीम जिल्ह्यात असलं, तरी १९९८ ला वाशीम वेगळा होईपर्यंत ते अकोला जिल्ह्यात होतं, आणि त्याचा व्यापार तर कुठल्याच जिल्ह्याच्या हद्दीत मावणारा नव्हता. जैन पेढ्यांचं आणि लाडांच्या व्यापाराचं हे जुनं गाव, नृसिंहसरस्वतींचं जन्मस्थान. पुढे मूर्तिजापूरहून यवतमाळकडे गेलेल्या चिमुकल्या शकुंतला रेल्वेने याच गावाला पोटात घेतलं. ती गाडीही कापसाच्या गाठी मुख्य मार्गावर आणून घालण्यासाठीच टाकलेली, आणि तिची मालकी एका खासगी ब्रिटिश कंपनीची.

मग १८९७ साली वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा आला. वऱ्हाडच्या हद्दीतलं कुठलंही ठिकाण बाजार म्हणून जाहीर करण्याचा अधिकार रेसिडेंटला मिळाला. बाजारावर देखरेखीसाठी समिती नेमायची, दलाल आणि मापारी यांना परवाने द्यायचे, वजनं तपासायची, तंटे मिटवायचे आणि या सगळ्यासाठी फी गोळा करायची, असा त्याचा आराखडा होता. देशातल्या पुढच्या बाजार कायद्यांनी हाच नमुना समोर ठेवला. मुंबई इलाख्याचा कापूस बाजार कायदा यायला १९२७ उजाडलं. म्हणजे पुणे-मुंबईच्या तीस वर्षं आधी वऱ्हाडात बाजार समिती होती. आपल्याकडे या गोष्टीचा अभिमान थोडा कमीच बाळगला जातो.

अभिमान मात्र जपून बाळगावा. हा कायदा शेतकऱ्याच्या कणवेतून आलेला नव्हता. मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ, बिनभेसळीचा कापूस वाजवी भावात हवा होता. बाजारात शिस्त लागली तर तो मिळणार होता. शेतकऱ्याचं भलं झालं ते ओघाने, आणि जेवढं ओघाने होतं तेवढंच झालं.

समितीची घडण पाहिली म्हणजे हे स्पष्ट होतं. तिच्यावर व्यापाऱ्यांचं आणि नगरपालिकेच्या माणसांचं बस्तान होतं. कापूस पिकवणाऱ्याला खुर्ची नव्हती. फीचं काय होई? बंड्यांवरची फी आणि परवान्यांचं उत्पन्न यातून बाजाराचा खर्च भागला की उरलेला पैसा गावच्या नगरपालिकेच्या गंगाजळीत मिसळून जाई. कापसाच्या फीवर शहर सुधारे. रस्ते होत, कंदील लागत. रस्त्यांचा बंडीवाल्यालाही उपयोग होता, नाही असं नाही. पण सहा-सात कोसांवरून रात्रभर बंडी हाकत आलेल्या माणसाच्या गावात त्या पैशातून एक विहीरही खोदली जात नव्हती. फी भरताना तो होता, वाटपाच्या वेळी नव्हता.

हा मुद्दा पुढे दिल्लीपर्यंत पोचला. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शेतकी आयोगाने १९२८ च्या अहवालात देशभर नियंत्रित बाजार उभारण्याची शिफारस केली आणि त्यासाठी वऱ्हाडचा नमुना तपासला. कौतुक केलं, खोटही दाखवली: समितीत उत्पादकाला जागा हवी, आणि बाजारातून मिळालेला पैसा बाजारासाठी आणि तिथे माल आणणाऱ्यांसाठी लागला पाहिजे. मला विचाराल तर बाजार समितीच्या घटनेचं पहिलं कलम तिथे लिहिलं गेलं. अंमलात यायला वेळ लागला, ते निराळं.

त्याच वर्षी, १९२८ ला, अमरावती जिल्हा कौन्सिलच्या अध्यक्षपदी पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख आले. एडिंबरो आणि ऑक्सफर्ड करून परत आलेला हा तिशीचा बॅरिस्टर. त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या हे बहुतेकांना ठाऊक असतं. कराच्या बाबतीत त्यांनी केलेलं काम मागे पडतं. प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी जिल्ह्याचा कर वाढवला. निवडून आलेल्या माणसाने करवाढ करायची आणि पुन्हा लोकांसमोर उभं राहायचं, याला धाडस लागतं. पण त्यामागची समजूत साधी होती: जिल्ह्यातून गोळा झालेला पैसा जिल्ह्याच्या डोळ्यांसमोर खर्च झाला, तर लोक कर देतात. १९३० मध्ये ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या मंत्रिमंडळात गेले. शिक्षण, शेती आणि सहकार त्यांच्याकडे होतं. मध्य प्रांताचा कापूस बाजार कायदा १९३२ चा आणि कर्ज लवाद कायदा १९३३ चा. दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून वाचावेत असे आहेत. कर्ज देणारा सावकार आणि माल घेणारा अडत्या ही अनेक गावांत एकच व्यक्ती असे. बी-बियाण्याला, लग्नाला, आजारपणाला त्याची उचल घेतली की पीक निघायच्या आधीच कुणाच्या गादीवर जायचं ते ठरून जाई. नुसता काटा सरकारी केला आणि कर्जाची गाठ तशीच राहिली, तर बाजार सुधारतो, भाव सुधारत नाही. १९३५ ला शेतमालाच्या बाजारांचा कायदा आला आणि कापसाबरोबर इतर पिकंही यार्डाच्या छत्रीखाली आली.

यानंतरची तीस वर्षं मी थोडक्यात ओलांडतो. महायुद्ध, नियंत्रणं, स्वातंत्र्य, वऱ्हाडचा आधी मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात समावेश, मण-शेर जाऊन किलो-क्विंटल येणं, या सगळ्याने बाजाराची पाटी बदलली, कामाची रीत फारशी बदलली नाही. मोठा बदल झाला तो महाराष्ट्र कृषी उत्पन्न खरेदी-विक्री कायद्याने. तो १९६३ चा, अंमल १९६७ पासून. कृषी उत्पन्न बाजार समिती हे आजचं रूप या कायद्याचं.

त्याने तीन गोष्टी केल्या. खुल्या लिलावाशिवाय विक्री नाही. मालाचा चुकारा त्याच दिवशी. आणि समितीत बहुमत शेतकऱ्यांचं. आजच्या रचनेत निवडून येणाऱ्या अठरा जागा: सेवा सहकारी सोसायट्यांच्या संचालकांतून ११, ग्रामपंचायत सदस्यांतून ४, व्यापारी-अडत्यांचे २ आणि हमाल-मापाऱ्यांचा १. हमालाला जागा मिळाली ही या आकड्यांतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेणारा माणूस त्याच यार्डाच्या अंदाजपत्रकावर हात वर करतो, हे दृश्य १८९७ च्या समितीला कल्पनेत तरी आलं असतं का? १९६९ च्या माथाडी कायद्याने त्याच्या मजुरीला, रजेला आणि भविष्य निर्वाह निधीला पुढे आधार मिळाला, हे त्याच ओळीत.

आणि सेस? तो आता नगरपालिकेत जात नव्हता. तो बाजार निधीत जमा होऊ लागला, आणि तो निधी कशावर खर्च करायचा हे कायद्याने ठरवून दिलं: जागा, ओटे, शेड, काटे, पाणी, वीज, कर्मचाऱ्यांचे पगार, भावांची माहिती, शेतकऱ्यांच्या सोयी. मोठ्या बांधकामाला पणन संचालकांची मंजुरी लागते. राज्याच्या देखरेख खर्चापोटी वेगळा अंश वसूल होतो, आणि १९८४ ला पुण्यात कृषी पणन मंडळ स्थापन झाल्यावर समितीच्या उत्पन्नातला वाटा तिकडेही जाऊ लागला. तरी निधीचा मोठा भाग तालुक्यातच राहतो. आज वऱ्हाडातल्या कुठल्याही यार्डात पाऊल टाकलं की लिलावाचे ओटे, धान्याची शेडं, इलेक्ट्रॉनिक भुईकाटा, शेतकरी निवास, गोदामांच्या रांगा दिसतात. त्यातलं पुष्कळ याच पाऊण रुपयातून उभं राहिलं.

कायदा सांगतो की सेस खरेदीदार भरतो, शेतकऱ्याकडून तो घेता येत नाही. कागदावर हे बरोबर आहे. पण बोली लावणारा व्यापारी सेस, वाहतूक, घट आणि आपला नफा मनात वजा करूनच आकडा पुकारतो. म्हणून सेस शेवटी कुणाच्या खिशातून जातो यावर अर्थशास्त्राचे लोक खुशाल वाद घालोत. ज्याच्या मालावर तो बसतो त्याचा त्या पैशावर हक्क आहे, एवढं धरून चाललं तरी पुरे.

मध्ये एक प्रकरण आलं जे वऱ्हाडात विसरणं अशक्य आहे: एकाधिकार कापूस खरेदी. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस घ्यायचा तो फक्त राज्याच्या पणन महासंघाने. खासगी व्यापारी बाद. यार्डात ग्रेडरचं राज्य सुरू झालं. बोंडाकडे पाहून तो जो ग्रेड लिहील तो देवाचा कौल. बंड्यांच्या, नंतर ट्रॅक्टरच्या रांगा दोन-दोन दिवस लागत. चुकारा हप्त्यांनी येई. पण या योजनेच्या पोटात पैशाची एक कल्पना होती, आणि ती चांगली होती. नफा झालेल्या वर्षी त्यातला वाटा भाव-चढउतार निधीत बाजूला ठेवायचा, पडेल भावाच्या वर्षी त्यातून हमीभावाला टेकू द्यायचा. शेतकऱ्याच्या चुकाऱ्यातून शेकडा ३ प्रमाणे भांडवल उभारणी निधी कापला जाई. शेतकऱ्यांच्याच पैशाने शेतकऱ्यांच्या धंद्याचं भांडवल उभं करायचं, असा हा विचार.

विचार बिघडला तो व्यवहारात. बाहेर भाव चढले की वरूड-परतवाड्याकडचा कापूस रात्रीच्या ट्रकने मध्य प्रदेशात जाई. बाहेर पडले की शेजारच्या राज्यांचा कापूस इकडे येऊन हमीभाव घेई. निवडणुकीच्या तोंडावर भाव ठरू लागले. निधी आटला, तोटा सरकारच्या अंगावर आला, आणि २००२ पासून खासगी व्यापाऱ्यांना पुन्हा परवाने मिळू लागले. कापलेल्या ३ टक्क्यांच्या परतीची मागणी पुढे कित्येक वर्षं गावोगावच्या सभांमध्ये होत राहिली. एकाधिकाराच्या बाजूने आणि विरुद्ध बोलणारे लोक वऱ्हाडात आजही एकाच ओट्यावर बसून चहा पितात. मी दोघांचंही ऐकतो. माझं म्हणणं इतकंच की योजना राज्यभर पसरलेली होती, आणि निधीवर हात होता मुंबईतल्या मंत्रालयाचा. अकोल्याच्या शेतकऱ्याने भरलेला पैसा अकोल्याच्या शेतकऱ्याला दिसत नव्हता. जे दिसत नाही त्याची राखणही कुणी करत नाही.

गोदामांकडे परत येऊ. १९९०-९१ पासून पणन मंडळाने बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण कर्ज योजना सुरू केली. समिती आपल्या निधीतून किंवा मंडळाकडून पैसा घेऊन ती चालवते. यात कसलंही नाट्य नाही, म्हणून तिच्यावर फारसं लिहिलं जात नाही. सोयाबीन दिवाळीच्या आसपास निघतं, सगळ्यांचं एकदम, आणि तेव्हाच भाव पडतो. शेतकऱ्याला मात्र मजुरी द्यायची असते, उधारी फेडायची असते, हरभऱ्याची पेरणी करायची असते. त्याने २० क्विंटल सोयाबीन समितीच्या गोदामात ठेवलं आणि भाव ४,००० धरला, तर मालाची किंमत ८०,००० रुपये. तिच्या ७५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ६०,००० रुपये, तो तारणावर उचलू शकतो. मुदत १८० दिवस, व्याज शेकडा ६. सहा महिन्यांचं व्याज १,८०० रुपये. वसंतात भाव क्विंटलमागे ५०० ने चढला तर त्याला १०,००० जादा मिळतात.

भाव पडला तर? तर तारणाने नुकसान टळत नाही, आणि गेल्या काही वर्षांत सोयाबीनने अनेकांना हा धडा दिला आहे. पण अडत्याची उचल आणि त्यासोबत येणारी ‘माल माझ्याच गादीवर’ ही अट सुटते, हे कमी नाही. १९३३ च्या कर्ज लवाद कायद्याने जी गाठ सोडायचा प्रयत्न केला, तिच्यावर समितीच्या गोदामाची पावती हा साधा उपाय आहे. वऱ्हाडातल्या कुठल्या समितीने किती सेस गोळा केला यापेक्षा, किती शेतकऱ्यांना तारण दिलं, हा आकडा मला जास्त बोलका वाटतो. दुर्दैवाने बऱ्याच ठिकाणी गोदामांत जागा कमी आणि व्यापाऱ्यांचा माल जास्त असतो. अवकाळीच्या पावसात शेडमध्ये व्यापाऱ्याची पोती कोरडी आणि ओट्यावर शेतकऱ्याचा ढीग ओला, ही तक्रार दर हंगामाला ऐकू येते. ती खरी आहे.

सेस गळतोही. माल यार्डात आलाच नाही तर सेस कुठला? खेडा खरेदी हा त्याचा सर्वांत जुना मार्ग. व्यापाऱ्याचा माणूस टेम्पो घेऊन गावात येतो, अंगणात तोलतो, रोख देतो, यार्डाची वाट वाचते; भाव आणि वजन दोन्ही त्याच्या हातात. पाच-सात पोती असलेल्या माणसाला गाडीभाडं परवडत नाही, म्हणून तो विकतो. मोर्शी-वरूडचा संत्रा तर झाडावर असतानाच बागेच्या बागेने विकला जातो, आंबिया असो की मृग बहार; त्याला यार्ड क्वचितच दिसतं. जुलै २०१६ मध्ये राज्याने फळं आणि भाजीपाला नियमनातून मोकळा केला आणि अडत खरेदीदाराकडून घेण्याचा नियम केला, तेव्हा समित्यांच्या उत्पन्नाला पहिला धक्का बसला. २०२० च्या केंद्रीय कायद्यांनी यार्डाबाहेरच्या व्यवहारावर सेसच नको असं ठरवलं. ते कायदे २०२१ च्या अखेरीस रद्द झाले. मधल्या काळात समित्यांच्या अनेक सचिवांनी अंदाजपत्रकावर लाल शाई चालवली असेल.

या वादात मी बाजार समित्यांची आंधळी वकिली करणार नाही. शेतकऱ्याला बाहेर चांगला भाव मिळत असेल, तर त्याला फाटकाच्या आत कोंडून सेस वसूल करण्यात काय मर्दुमकी? समितीने सेस मिळवायचा तर माल आपणहून आत यावा असं काहीतरी आत असलं पाहिजे: सच्चा काटा, चार जास्तीच्या बोल्या, त्या दिवशीचा चुकारा, रात्री टेकायला जागा, पावसात डोक्यावर पत्रा. एकेकाळी अकोल्यात सावतराम आणि मोहता या मिल चालत, अमरावती जिल्ह्यात अचलपूरला गिरणी होती. वऱ्हाडच्या कापसाचं सूत आणि कापड वऱ्हाडातच निघे. त्या मिल बंद पडल्या, बऱ्याच सहकारी सूतगिरण्याही बुडाल्या. आज रुईच्या गाठी बांधल्या जातात आणि बाहेर जातात. सरकी इथल्या घाण्यांना मिळते तेवढीच. अशा वेळी कापसाच्या उलाढालीतून गावात निश्चित मागे राहणारा पैसा म्हणजे मजुरी आणि सेस. म्हणून तो कसा खर्च होतो, हे बारकाईने पाहावं लागतं.

आणि पाहायचं कुणी, यावर गेल्या दहा वर्षांत बराच घोळ झाला. अठरापैकी पंधरा जागा शेतकऱ्यांच्या असल्या तरी मतदार म्हणजे सोसायटीचे संचालक आणि ग्रामपंचायतीचे सदस्य. ज्यांच्या हातात सोसायट्या, त्यांच्या हातात समिती, असं गणित तालुक्यातालुक्यात पक्कं झालं होतं. २०१७ मध्ये राज्याने किमान दहा गुंठे जमीन असलेल्या आणि समितीत माल विकणाऱ्या शेतकऱ्याला थेट मताचा हक्क दिला. मतदार हजारांनी वाढले, निवडणुकीचा खर्चही वाढला, आणि तो खर्च समितीच्या निधीतूनच जायचा असल्याने लहान समित्या घाबरल्या. तक्रारीत तथ्य होतं. उपाय म्हणून खर्चाची दुसरी सोय करता आली असती. केलं असं की २०२० मध्ये मताचा हक्कच काढून घेतला आणि मतदार पुन्हा जुनेच झाले. पुढे सरकार बदललं, नियम पुन्हा हलला, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये राज्यभर समित्यांच्या निवडणुका झाल्या तेव्हा दहा गुंठेवाल्या शेतकऱ्याला उमेदवार म्हणून उभं राहण्याची मुभा होती. मतदार यादीत त्याचं नाव नव्हतं. अमरावती-अकोल्याच्या यार्डांतही लोक तसे उभे राहिले. प्रचाराला गावोगाव फिरले, आणि मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर थांबले, कारण स्वतःला मत देण्याचा अधिकार त्यांना नव्हता.